इनास सरांचा कान

इनास सर आमच्या शाळेत संगीत शिकवायला आले त्या दिवशी शिक्षकखोलीत बराच वेळ ते कुणाशी बोललेच नाहीत. खोलीच्या मधोमध उभे राहून, मान एका बाजूला कलती करून छताकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं, पाल दिसली असेल. मुख्याध्यापिका "बसा ना सर" म्हणाल्या, तर त्यांनी एक बोट वर करून त्यांनाच थांबवलं. मग म्हणाले, "हा पंखा षड्ज लावतो आणि तो खिडकीकडचा कोमल रिषभ. दिवसभर तुमच्या डोक्यावर दोघांचं भांडण चाललेलं असतं. तुमची डोकी दुखत नाहीत?"

डोकी सगळ्यांचीच दुखायची, पण ती वह्या तपासून दुखतात अशी आमची समजूत होती. सर भिंतीपाशी गेले, खिडकीकडच्या पंख्याचा रेग्युलेटर केसभर मागे फिरवला, ऐकलं, आणखी किंचित फिरवला. दोन्ही पंखे एका सुरात आले. तसे ते खुर्ची ओढून बसले आणि प्रसन्न हसून म्हणाले, "नमस्कार. मी इनास."

त्यानंतर आमची डोकेदुखी कमी झाली की नाही, ते सांगता येणार नाही. पण त्या रेग्युलेटरला पुढे कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागल्या तरी गणिताचे जोशी सर म्हणायचे, "राहू दे, सूर बिघडेल."

इनास सर बुटके होते. भुवया दाट, पांढऱ्या. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर. हनुवटीखाली डावीकडे व्हायोलिन टेकवून टेकवून पडलेला डाग होता, आणि बोटांच्या टोकांवर सोल्डरिंगचे चटके. व्हायोलिन ते वडिलांकडून शिकले होते; वडील वसईतल्या वाड्यांमध्ये लग्नात वाजवायला जायचे. रागदारी ते गावातल्या एका बुवांकडे सायकलने जाऊन शिकले. इलेक्ट्रॉनिक्स मात्र कुणाकडूनच शिकले नाहीत. ते बिघडलेल्या वस्तू उघडून बघत शिकले, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू पुन्हा बंद झाल्या नाहीत, असं त्यांच्या पत्नी रेजिनाकाकी सांगायच्या.

त्यांची एक सवय मला आधी भीतीदायक वाटायची. रस्त्याने चालताना ते मध्येच थबकायचे आणि शेजारच्याचा दंड धरून म्हणायचे, "ऐकलंत?" ऐकण्यासारखं काही नसायचं. रिक्षा मागे घेताना वाजणारा भोंगा, कुणाच्या तरी गॅलरीतलं वॉशिंग मशीन, एटीएमची पिकपिक. पण सरांना त्यात काहीतरी सापडलेलं असायचं. "ती रिक्षा बघा, बाई. तीन सूर, आणि तिसरा उतरलेला. बॅटरी संपत आली की यंत्रं बेसूर होतात. माणसाचंही तसंच असतं, पण माणूस कबूल करत नाही."

मी मराठी शिकवायचे, सावंतवाडीकडून लग्न होऊन गोखिवऱ्यात आलेली. संगीतातलं मला फारसं कळत नव्हतं, पण वाद घालायला आवडायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही इतकं सुंदर व्हायोलिन वाजवता आणि घरी जाऊन त्या वायरींत डोकं घालता. त्या बटणांच्या संगीतात जीव कुठे असतो?"

"आणि व्हायोलिनमध्ये कुठे असतो?" त्यांनी विचारलं. "लाकूड, तारा आणि घोड्याच्या शेपटीचे केस. घोडा कधीचा मेला. वाजवणारा जिवंत आहे की नाही एवढंच बघायचं, बाई. लाकूड असो नाही तर लोखंड."

शाळेच्या स्नेहसंमेलनातली केळ्यांची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. सरांनी त्या वर्षी एक प्रयोग केला. वाडीतल्या केळीचा एक घड आणला, त्यातली सात गलेलठ्ठ केळी टेबलावर ओळीने मांडली आणि प्रत्येकात एक वायर खुपसली. वायरी जात होत्या एका छोट्या यंत्रात, यंत्र जोडलं होतं स्पीकरला. केळ्याला बोट लावलं की सूर वाजायचा. पहिलं केळं सा, दुसरं रे, असं करत शेवटचं नी. मुलींनी महिनाभर सराव केला होता. सराव संपल्यावर वाद्य खायचं, हा नियम असल्यामुळे सरावाला गैरहजेरी नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रमुख पाहुणे लवकर आले. भला माणूस, पण मुंबईहून उपाशी निघालेला. त्यांना मंचावर बसवून आम्ही सगळे पडद्यामागे धावपळ करत होतो. पडदा सरकला तेव्हा टेबलावर सहा केळी होती आणि पाहुण्यांच्या हातात साल. वायर त्यांनी नीट काढून बाजूला ठेवली होती.

मुख्याध्यापिकांचा चेहरा पांढरा पडला. "सर, पंचम गेला," एक मुलगी रडवेली होऊन कुजबुजली, पण माइक चालू असल्याने ते सगळ्यांना ऐकू गेलं.

इनास सर मंचावर आले. ते रागावले नव्हते. उलट त्यांचे डोळे चमकत होते. माइक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या पाहुण्यांना संगीताची उत्तम जाण आहे. त्यांनी आपल्याला भिन्न षड्ज राग सुचवला आहे. या रागात पंचम नसतो." मग टेबलापाशी गेले, दुसऱ्या केळ्यातली वायर ओढून काढली आणि ते केळं अदबीने पाहुण्यांपुढे धरलं. "आणि रिषभही नसतो. हेही घ्या."

सभागृहात हशा उसळला. पाहुण्यांनी ते केळंही खाल्लं. आणि उरलेल्या पाच केळ्यांवर सरांनी स्वतः बोटं टेकवत भिन्न षड्ज वाजवला. हसून हसून दमलेली माणसं हळूहळू गप्प झाली. यंत्रातून येणारा तो पातळ, बासरीसारखा आवाज सभागृहात फिरत राहिला. शेजारी बसलेले जोशी सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "केळं आहे हे विसरायलाच होतं."

चर्चमध्ये मात्र यंत्राने सरांना एकदा दगा दिला होता. ही हकिगत मला रेजिनाकाकींनी सांगितली. सर कोइरमध्ये जुना पायपेटीचा ऑर्गन वाजवायचे. तो वाळवीने खाल्ल्यावर परदेशातल्या कुणी गावकऱ्याने मोठा कीबोर्ड पाठवला. त्यावर शेकडो बटणं. रविवारच्या मिस्साला अर्पणाची मिरवणूक निघाली, बायका फळं आणि मेणबत्त्या घेऊन संथ पावलांनी वेदीकडे चालल्या होत्या, आणि सरांच्या मनगटाचा धक्का कुठल्याशा बटणाला लागला. लग्नाच्या बँडसारखे ढोल सुरू झाले. घाबरून सरांनी दुसरं बटण दाबलं, तर ताल दुप्पट झाला. बायका गोंधळल्या, पण तालाबाहेर चालणं वसईच्या बायकांना जमत नाही. त्या भराभर चालत वेदीपाशी पोचल्या. मिस्सानंतर फादर सरांना म्हणाले, "आज अर्पणविधी फार उत्साहात झाला."

"फादरनी माफ केलं," काकी म्हणाल्या, "पण हे कुठे गप्प बसतात! घरी येऊन तो कीबोर्ड उघडला आणि ते ढोलाचं बटण आतून कापून टाकलं."

सर निवृत्त झाले आणि मग त्यांच्या हातून ते काम झालं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली यमूमावशी बाजारात मासळी विकायची. तिचं बसायचं ठिकाण ठरलेलं, आवाजही ठरलेला. बाजाराच्या तोंडाशी रिक्षातून उतरलं की आधी तिचा आवाज भेटायचा, मग वास, मग मासळी. आणि हळदीच्या मांडवात ती गायची. पाचूबंदरला तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. आवाज उंच, धारदार, थोडा फाटलेला. सर म्हणायचे, "तिचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत आहे. मी पुष्कळ शोधला, सापडत नाही." ते तिच्याकडे मासळी घ्यायला जात आणि टोपलीसमोर उभे राहून ऐकतच राहत. मग ती ओरडायची, "मास्तर, म्हावरा घेनार का नुसता ऐकनार?"

तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. रुग्णालयातून तिला एक छोटं यंत्र मिळालं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की घरघरत शब्द उमटायचे. एक दिवस ते लावून ती बाजारात बसली. सर समोर आले तेव्हा तिने यंत्र गळ्याला लावून विचारलं, "काय मास्तर, पापलेट?" सगळी अक्षरं एकाच सपाट सुरात. पलीकडची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं. यमूमावशीने ते यंत्र टोपलीत मासळीखाली खुपसलं आणि उठून घरी गेली. त्यानंतर ती बाजारात आलीच नाही. तिच्या जागेवर तिची सून बसायला लागली.

सर त्या दिवशी शाळेत आले. निवृत्तीनंतरही ते अधूनमधून येत, पंखे तपासायला. त्या दिवशी ते छताकडे बघत नव्हते. "बाई," ते मला म्हणाले, "ज्या बाईला पेटीचे बारा सूर पुरत नव्हते, तिला एक सूर दिलाय. एकच."

मग ते कामाला लागले. पाचूबंदरात घरोघरी जाऊन त्यांनी लग्नांच्या जुन्या सीडी मागितल्या. कुणाच्या फोनमधले व्हिडिओ, कुणाच्या पेनड्राइव्हमधले. मांडवातली गाणी मिळाली, पण ती सगळी गाणीच. रोजचं बोलणं कोण कशाला टिपून ठेवतं? ते सापडलं यमूमावशीच्या सुनेकडे. सासूला लिहिता येत नसल्याने ती व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवायची, आणि सुनेने ते पुसलेच नव्हते. "बहुतेक शिव्याच हायत, सर," सून लाजत म्हणाली. सरांना स्वर्ग दोन बोटं उरला.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक वाट धरून पाहिली. हल्ली संगणकाला एखाद्याचा आवाज ऐकवला की तो त्या आवाजात वाटेल ते वाक्य बोलून दाखवतो. सरांनी ते जमवलं आणि मला बोलावलं. "वाक्य तुम्ही लिहा, बाई. तुमचं मराठी चांगलं." मी मोठ्या हौसेने लिहिलं. यमूमावशीला सुनेने कसंबसं राजी करून आणलं होतं. पदराने गळा झाकून ती सरांच्या पडवीत बसली होती, कुणाकडे न बघता. सरांनी बटण दाबलं. लॅपटॉपमधून तिचा आवाज आला, "या ताई, ताजी मासळी आली आहे. पाण्यातून नुकतीच बाहेर काढली आहे."

यमूमावशीने दचकून मागे वळून बघितलं, की मागून कोण बोललं. मग तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि तोंडावर पदर दाबून ती हसायला लागली. आवाज नव्हता, पण सगळं अंग गदगदत होतं. सून म्हणाली, "सर, आमच्या सासूबाई जन्मात पाणी नाय म्हनल्या. पानी म्हनतात. ही कोन शाळेतली बाई बोलते?"

शाळेतली बाई म्हणजे अर्थात मीच. सरांनी लॅपटॉप बंद केला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "बोलतोय आपण आणि आवाज हिचा. हिचं बोलणं हिच्या बोटात पाहिजे."

त्यानंतर त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक यंत्र बसवलं. वर रबराची आठ बटणं, पुढे रिक्षात असतो तसला स्पीकर, गळ्यात अडकवायला पट्टा. प्रत्येक बटणावर यमूमावशीचं एकेक बोलणं, तिच्याच निरोपांतून आणि व्हिडिओंतून कापून घेतलेलं, मागे ओरडणाऱ्या कावळ्यांसकट. ते दाखवायला सर तिच्या घरी गेले, सोबत रेजिनाकाकी आणि मी. डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने संशयाने एक बटण दाबलं.

"ये गो बाय, ताजा म्हावरा!"

अख्ख्या आळीत तो आवाज गेला. समोरच्या घरातली बाई दारात आली. यमूमावशीचा हात गळ्याकडे गेला. मग डबा खाली ठेवून उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सर घामाघूम झाले. परत येताना रिक्षात ते सारखं म्हणत होते, "मी तिला दुखावलं. उगाच गेलो." काकींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गेलेलं माणूस दारात उभं राहावं तसं झालंय तिला. तुम्हाला काय वाटलं, नाचेल? थांबा जरा."

दोन दिवसांनी यमूमावशी स्वतः सरांच्या फाटकाशी हजर. गळ्यात डबा. सर लगबगीने बाहेर आले. तिने एक बटण दाबलं, डबा म्हणाला, "ये गो बाय!" मग तिने मान जोरात हलवली, हाताने नको नको केलं, आणि हाताची मूठ वळून सरांच्या नाकासमोर नाचवली. सरांना काही कळेना. काकींना लगेच कळलं. "अहो, तिला भांडायचंय! सगळी गोड बटणं दिलीत तुम्ही. भांडणाचं एक तरी द्या."

म्हणजे सरांनी सुनेच्या फोनमधल्या शिव्या सभ्यपणाने वगळल्या होत्या! त्या परत घातल्या. "हात लावू नको, नुसता बघ!" हे एक आलं. "नाय परवडत तर पुढं जा, मेल्या!" हे दुसरं. आणि एका लग्नाच्या व्हिडिओत ती पोट धरून हसत होती, ते हसणंही एका बटणावर आलं. ते बटण तिला सगळ्यात आवडलं. तिने ते सरांवरच पहिल्यांदा वापरलं. सर फाटक लावताना पायरीवर घसरले आणि डबा खदखदून हसला.

यमूमावशी बाजारात परतली. पहिले काही दिवस लोक डबा बघायला यायचे, मग डबा दिसेनासा झाला आणि ती दिसायला लागली. नव्या फ्लॅटमधल्या एका साहेबांनी पापलेटचे गाल दाबून बघितले, तर तिने त्यांच्याकडे न बघताच बटण दाबलं. साहेब इतके दचकले की मासळी घेऊनच गेले.

पण सरांच्या मनात गाणं होतं. यमूमावशीच्या भाचीची हळद ठरली, आणि सर हट्टाला पेटले. त्यांनी हळदीपुरतं डब्यातलं बोलणं काढून तिथे तिचं हळदीचं गाणं भरलं. एका बटणावर एक ओळ, क्रमाने. पहिलं बटण, मग दुसरं, मग तिसरं, असं आठव्यापर्यंत गेलं की गाणं पूर्ण. "काही अवघड नाही, यमू," ते तिला समजावत होते. "फक्त क्रम चुकवायचा नाही." ती मुकाट्याने मान डोलावत होती. यमूमावशी मुकाट्याने मान डोलावते तेव्हा तिच्या मनात काहीतरी वेगळं असतं, हे सरांना माहीत असायला हवं होतं.

हळदीला मी गेले होते. दिवेलागण झालेली, मांडवात बायकांची गर्दी, कोपऱ्यात अर्नाळ्याची बेंजो पार्टी. बेंजो, कीबोर्ड, ताशा, सगळे तयार. सरांनी डब्याची वायर त्यांच्या मोठ्या स्पीकरला जोडली आणि बाजूला, हात पोटावर बांधून, परीक्षेच्या पोरासारखे उभे राहिले. नवरीला पाटावर बसवलं. यमूमावशीने पहिलं बटण दाबलं.

मांडवात तिचा आवाज भरला. नवरीच्या आईने डोळ्यांना पदर लावला. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. सगळं क्रमाने. सर ओठांनी आकडे मोजत होते. गाणं संपलं. बेंजोवाल्यांनी ताल धरला, गाणं पुन्हा सुरू करायचं होतं.

यमूमावशीने पहिलं बटण दाबलं, आणि ओळ पुरी व्हायच्या आत परत तेच दाबलं. "आये गो" या हाकेतला नुसता "आ" वाजला. परत दाबलं. आ. आ. आ. ताशाच्या ठेक्यावर. मग एकदम पाचव्या बटणाचा शेवट, मग पुन्हा पहिल्याचा आ. मग दोन बटणं एकत्र. मांडवात एका यमूमावशीच्या दोन यमूमावश्या झाल्या, एक वर आणि एक खाली गाणारी. बेंजोवाला क्षणभर चाचपडला, मग त्याने तिच्या मागे धाव घेतली. बायका उठल्या. हळदीने माखलेली नवरी पाटावरून उठली. म्हाताऱ्या, पोरी, शेजारच्या आळीतले पाहुणे, सगळे नाचायला लागले. आणि यमूमावशी, जिच्या घशातून आता कुजबुजही निघत नव्हती, घामाने निथळत, मान झुगारत, डब्यावर बोटं आपटत होती.

मी सरांकडे बघितलं. त्यांचा क्रम पार मोडला होता. ते तोंड उघडं टाकून उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, तुमचं गाणं तिने मोडून टाकलं की हो."

त्यांनी माझा दंड धरला. "ऐकलंत?" ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला. मग म्हणाले, "बाई, मी तिला तिचं जुनं गाणं परत द्यायला गेलो होतो. हे तर नवीनच आहे. हे तिला आधी गाता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं." आणि तो बुटका, पांढऱ्या भुवयांचा माणूस गर्दीत शिरला आणि नाचायला लागला. नाच त्यांना अजिबात येत नव्हता. ताल मात्र चुकला नाही.

पुढच्या वर्षभरात यमूमावशीला अर्नाळ्याहून, कळंबहून हळदीची बोलावणी यायला लागली. बेंजो पार्टीवाले तिला गाडी पाठवायचे. सर डब्यात नवे आवाज भरून द्यायचे, ती ते कापून, उलटे करून काहीतरी भलतंच करायची, आणि मग दोघांचं भांडण व्हायचं. सर तोंडाने भांडायचे, ती बटणांनी. बहुतेक वेळा तीच जिंकायची, कारण ते हसण्याचं बटण तिच्याकडे होतं.

सर गेले ते अचानक. सकाळी व्हायोलिनची तार बदलत होते, छातीत कळ आली आणि संपलं. दफनाच्या मिस्साला पाचूबंदरची पुष्कळ माणसं आली होती. यमूमावशीही होती. डबा तिने बरोबर आणला होता, पदराखाली धरला होता. तिने एकही बटण दाबलं नाही.

पण मला सर आठवतात ते त्या दिवसाचे नाहीत. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे सावंतवाडीहून पाहुणे आले होते म्हणून रविवारी संध्याकाळी आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सहलीला आलेल्यांची गर्दी होती. एका टोळक्याने मोठा स्पीकर लावला होता, कुठे क्रिकेट, कुठे भेळ, घोडागाडीवाले ओरडत होते. आणि गुडघाभर पाण्यात, पँट वर दुमडून, कानांवर मोठे हेडफोन लावून इनास सर उभे होते. हातात काठी, काठीच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला माइक. तो ते काठावरच्या ओल्या वाळूला जवळजवळ टेकवून धरत होते.

"सर!" मी हाक मारली. त्यांनी न बघता ओठांवर बोट ठेवलं.

मी थांबले. माझे दीर मोठ्याने बोलत होते, त्यांना मी गप्प केलं. आमच्याकडे बघून शेजारचे थांबले. स्पीकरवाल्या टोळक्यातल्या एकाने विचारलं, "क्या हुआ अंकल, कुछ गिर गया क्या?" सरांनी त्यालाही बोट दाखवलं. त्याने काय समजून घेतलं कोण जाणे, पण जाऊन स्पीकर बंद केला. पाठोपाठ क्रिकेट थांबलं. काही भयंकर घडलंय अशा समजुतीने माणसं पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली. कुणी बोलत नव्हतं. लाट आली, फुटली, मागे सरली. आणि ती गेल्यावर ओल्या वाळूतून एक अगदी बारीक आवाज आला, चुर्र, चुर्र, सगळ्या किनाऱ्यावर, वाळू पाणी पीत होती त्याचा. मी कोकणातली, समुद्र लहानपणापासून बघितलेला, पण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सरांनी हेडफोन काढले, वर बघितलं आणि भोवती जमलेली गर्दी पाहून दचकले. मग सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "धन्यवाद, धन्यवाद. झालं माझं. करा चालू." लोक हसले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अंकल, आपकी चप्पल!" त्यांची एक चप्पल लाटेबरोबर तरंगत निघाली होती. सर वळले, आणि माइकचा हात जमेल तितका उंच धरून, दुसऱ्या हाताने पँट सावरत, हसत हसत चपलेमागे पाण्यात शिरले.